असेंब्लरच्या शोधात

स्मरणिकेसाठी ‘संगणक विभागाचा इतिहास’ लिहून द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा आधी हसूच आले. शाळेचा इतिहास म्हटला की आपल्याला मैदान आठवते, घंटा आठवते, छडी आणि छडीवाले सर आठवतात. संगणक विभाग म्हणजे फक्त एक खोली. दाराशी चपला काढायच्या, खिडक्यांना धूळ येऊ नये म्हणून जाड पडदे, आणि आत शिरल्यावर येणारा तो गरम प्लास्टिकचा वास. या खोलीचा असा कितीसा इतिहास असणार?

पण लिहायला बसलो आणि लक्षात आले, की एक प्रश्न या खोलीत अनेक वर्षे मुक्कामाला होता. मी बारावीत असताना तो होता, आणि पुढे मी इथेच शिकवायला लागलो तेव्हाही होता. मुलांना असेंब्ली लँग्वेज शिकवायची, तर असेंब्लर आणायचा कुठून? हा लेख त्या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

ज्यांनी कला किंवा वाणिज्य शाखा घेतली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला ‘बायफोकल’ म्हणून कॉम्प्युटर सायन्स हा दोनशे गुणांचा विषय घेता येतो. त्याच्या दुसऱ्या पेपरात इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर अभ्यासाला असायचा. आम्ही त्याला ‘एटी एटी-फाइव्ह’ म्हणायचो. १९७६ साली बाजारात आलेली चाळीस पायांची ही चिप. तिला एका वेळी आठ बिट समजतात आणि ६४ किलोबाइटपर्यंतची मेमरी हाताळता येते. तिला आपली भाषा कळत नाही, इंग्रजीही कळत नाही. कळतात ते फक्त आकडे. ‘३ई’ हा आकडा दिला की ती समजते, पुढचा आकडा ए नावाच्या कप्प्यात ठेवायचा आहे. माणसाला ‘३ई’ लक्षात राहणे अवघड, म्हणून त्याला ‘एमव्हीआय ए’ असे नाव दिले. अशा नावांची भाषा म्हणजे असेंब्ली. ती नावे परत आकड्यांत बदलून देणारा प्रोग्रॅम म्हणजे असेंब्लर.

आमच्या वेळी नावे होती, आकडे होते, मधला असेंब्लर मात्र नव्हता. ते काम आम्ही करायचो.

नव्वदीच्या दशकातली ती प्रॅक्टिकल ज्यांनी केली, त्यांना जर्नलमधला पहिला प्रयोग अजून पाठ असेल. पाच आणि सात यांची बेरीज. वहीत पाच ओळी लिहायच्या: ए मध्ये ०५ ठेव, बी मध्ये ०७ ठेव, बी मिळव, उत्तर सी०५० या पत्त्यावर ठेव, थांब. मग तक्ता काढायचा आणि प्रत्येक ओळीसमोर आकडे मांडायचे. ३ई ०५. ०६ ०७. ८०. ३२ ५० सी०. ७६. एकूण नऊ बाइट. सी००० पासून सी००८ पर्यंत नऊ घरांत ते बसतात. सी०५० हा पत्ता लिहिताना मात्र उलटा लिहायचा, आधी ५० आणि मग सी०, कारण इंटेलच्या चिपला पत्त्याचा धाकटा भाग आधी लागतो. निम्मा वर्ग पहिल्या दिवशी इथेच चुकायचा.

त्यानंतर किट. उघड्या सर्किट बोर्डावर एक छोटा कीपॅड आणि वर लाल आकड्यांची सहा घरे, चार पत्त्याची आणि दोन त्या पत्त्यावरच्या आकड्याची. या जातीच्या किटचा मूळ नमुना इंटेलने १९७७ च्या सुमारास काढलेला ‘एसडीके-८५’. आपल्याकडची शैक्षणिक किट त्याच घराण्यातली. त्या लाल घरांत बी आणि डी ही अक्षरे लहान लिपीत उमटत. मोठी काढली असती तर बी आठसारखा आणि डी शून्यासारखा दिसला असता. ही गोष्ट आमच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितली होती, तरीही ‘सर, हा बी आहे का सहा?’ हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारायचेच.

नऊ आकडे दाबायचे, ‘गो’ द्यायचे, मग सी०५० उघडून पाहायचे. तिथे ‘०सी’ दिसला की जमले, कारण सोळाच्या पद्धतीत बारा म्हणजे सी. ते एक अक्षर पाहून जो आनंद व्हायचा, तो पुढे नोकरीत मोठमोठे प्रोग्रॅम चालल्यावरही झाला नाही, असे सांगणारे माजी विद्यार्थी मला भेटले आहेत.

या सगळ्यात शेवगावचा वाटा होता तो विजेचा. वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि आमच्या किटच्या मेमरीला बॅटरी नव्हती. वीज क्षणभर जरी लपकली, तरी भरलेले सगळे पुसले जायचे. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत माझ्या बाबतीत तेच घडले. मोठ्यात मोठी संख्या शोधण्याचा प्रोग्रॅम होता, पंचवीस-तीस बाइट भरून झाले होते, आणि दिवे गेले. वीज परत आली तेव्हा लाल घरांत नुसता कचरा होता. हातातल्या कागदावर मात्र प्रत्येक बाइट पत्त्यासकट लिहिलेला होता. तो पुन्हा भरायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या दिवशी समजले नाही, पण आज वाटते, की खरा प्रोग्रॅम कागदावर आणि डोक्यात होता; किटमध्ये होती ती त्याची नक्कल.

आम्ही जे हाताने करत होतो, तेच जगाने आधी केले होते. संगणक आले तेव्हा असेंब्लर नव्हतेच. लंडनच्या बर्कबेक कॉलेजात कॅथलीन बूथ यांनी १९४७ च्या सुमारास आदेशांसाठी चिन्हांची पद्धत मांडली. असेंब्ली भाषेच्या पहिल्या आखणीचे श्रेय त्यांना दिले जाते. १९४९ साली केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक चालू झाला. त्यात डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने अवघ्या ३१ आदेशांचा एक छोटा प्रोग्रॅम यंत्रातच कायमचा बसवला. कागदी पट्टीवर बेरजेसाठी ‘ए’, वजाबाकीसाठी ‘एस’ असे अक्षर टोचायचे, आणि हा प्रोग्रॅम त्याचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करायचा. एकतीस आदेश! आमच्या बारावीच्या जर्नलमधले काही प्रयोग याहून लांब होते.

आपल्या राज्यातही तेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफरॅक हा संगणक बांधला गेला आणि १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि मेमरी होती २,०४८ शब्दांची. त्यावर काम करणाऱ्यांनी सुरुवातीला थेट शून्य-एकच्या यंत्रभाषेतच आदेश लिहिले. कुलाब्याच्या शास्त्रज्ञांनी जे केले, ते तीस-पस्तीस वर्षांनी शेवगावची सतरा वर्षांची पोरे करत होती. साधने उशिरा पोहोचली हा आपला तोटा. पण त्या उशिरामुळे आम्हाला गोष्ट मुळापासून पाहायला मिळाली, हेही खरे.

मी शिकवायला लागलो तेव्हा मात्र हा विचार मनात नव्हता. तेव्हा एकच ध्यास होता, मुलांना ‘खरा’ असेंब्लर मिळवून द्यायचा. शेवगावला रेल्वे नाही. काहीही हवे असले की एसटीने नगर गाठायचे, तिथे न मिळाले तर पुणे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तके आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटे भाग. पहिल्या फेरीत मी रमेश गावकर यांचे ८०८५ वरचे जाडजूड पुस्तक आणले. गावकर अमेरिकेत सिरॅक्यूजच्या एका महाविद्यालयात शिकवायचे. १९८४ साली निघालेले त्यांचे हे पुस्तक भारतभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०८५ चा आधार झाले. त्याच्या शेवटी सगळ्या आदेशांचा तक्ता आहे. ७४ प्रकारचे आदेश, आणि एका बाइटच्या २५६ शक्य आकड्यांपैकी २४६ वापरात. त्या पानांची झेरॉक्स कितीतरी वर्षे आपल्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर होती. कडा तुटल्या की नवी लावायची.

असेंब्लरची गोष्ट मात्र सोपी नव्हती. लोकांनी नावे सांगितली ती मायक्रोसॉफ्टच्या मॅझमची आणि बोरलँडच्या टॅझमची. दोन्ही उत्तम, पण विकत घ्यायची तर शाळेच्या आवाक्याबाहेर. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती ८०८६ आणि त्याच्या पुढच्या घराण्यासाठी होती. नात्याने ८०८५ ची धाकटी भावंडे, पण बोली वेगळी. आपल्याकडे ए मध्ये पाच ठेवायला ३ई ०५. तिकडे एएल मध्ये पाच ठेवायला बी० ०५. अभ्यासक्रम एका चिपचा आणि साधन दुसऱ्या चिपचे, असे शिकवले तर मुलांचा गोंधळ होणार.

एक साधन मात्र डॉसच्या प्रत्येक संगणकात फुकट दडलेले होते: डीबग. काळ्या पडद्यावर ‘डीबग’ टाइप केले की एक आडवी रेघ येते. ‘ए १००’ दिले की आदेश लिहायला सुरुवात, ‘यू’ दिले की आकडे आणि नावे शेजारी शेजारी, ‘टी’ दिले की एकेक आदेश चालवून सगळ्या कप्प्यांतले आकडे समोर. भाषा ८०८६ चीच, पण आतले चालणे दाखवण्यात याचा हात धरणारे दुसरे काही नव्हते. मी ते अधूनमधून नमुना म्हणून दाखवायचो. पुढे कळले, की त्याला नावे, म्हणजे लेबल, समजत नाहीत. उडी कुठे मारायची तो पत्ता स्वतःच मोजून द्यावा लागतो. म्हणजे अर्धे काम पुन्हा माणसाकडेच!

अखेर एका मित्राने पुण्याहून ८०८५ चा असेंब्लर फ्लॉपीवर आणून दिला. त्या वर्षी मी हाताने आकडे मांडण्याचे सगळे तास रद्द केले. मुले खूश. नावे टाइप करायची, बटण दाबायचे, आकडे तयार. जर्नल वेळेआधी पूर्ण, उत्तरे सगळ्यांची बरोबर. मलाही वाटले, विभाग एकदम पुढे गेला.

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी जर्नल चाळले, कौतुक केले आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच मुलाला विचारले, ‘सी००६ मध्ये काय आहे रे?’

तो मुलगा हुशार होता. त्याने प्रोग्रॅम घडाघडा म्हणून दाखवला. पण सी००६ मध्ये काय आहे ते सांगू शकला नाही. दुसऱ्यालाही आले नाही, तिसऱ्यालाही नाही. उत्तर साधे होते: ५०, म्हणजे उत्तर ठेवायच्या पत्त्याचा धाकटा भाग. आदल्या वर्षीच्या मुलांनी हे झोपेत सांगितले असते, कारण त्यांनी तो आकडा स्वतःच्या बोटाने तिथे ठेवला होता. बाहेरचे सर काही बोलले नाहीत. जाताना मला एवढेच म्हणाले, ‘तुमच्या मुलांना भाषा येते, यंत्र येत नाही.’

चूक मुलांची नव्हती, फ्लॉपीचीही नव्हती. माझी होती. साधन शोधण्याच्या नादात ते कशासाठी हवे हेच मी विसरलो होतो. कारखान्यात काम करणाऱ्याला असेंब्लर हवा असतो वेळ वाचवायला. वर्गात मात्र जो वेळ वाचवायचा, त्याच वेळात शिकणे होत असते.

पुढच्या वर्षी मी क्रम बदलला, आणि त्याचा आधार मिळाला आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरच्या पुस्तकातून. पुणे विद्यापीठात संगणक अभियांत्रिकी शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे पुस्तक चांगलेच आठवत असेल. त्यांना स्वतःचा छोटा असेंब्लर लिहावा लागतो. असेंब्लर आतून काय करतो, हे त्यात उलगडून सांगितले आहे. तो प्रोग्रॅम दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत तो फक्त घरे मोजतो आणि कोणते नाव कोणत्या पत्त्यावर पडले याची यादी करतो. दुसऱ्या फेरीत त्या यादीत पाहून आकडे भरतो.

हे वाचले आणि मी थबकलो. हे तर आम्ही बारावीत करत होतो! बेरजेत हातचा आला नाही तर पुढे उडी मारायची, असा आदेश आला की त्याच्या समोर डी२ लिहायचे आणि पुढची दोन घरे मोकळी सोडायची, कारण ‘पुढे’ म्हणजे नक्की कुठे हे अजून ठरलेले नसे. शेवटपर्यंत पत्ते मोजून झाले की परत वर यायचे आणि ती मोकळी घरे भरायची. दोन फेऱ्या. आम्हाला कोणी नाव सांगितले नव्हते, पण आम्ही टू-पास असेंब्लर होतो. मध्ये एखादा आदेश राहून गेला तर खालचे सगळे पत्ते सरकायचे आणि पान खोडायला लागायचे. म्हणून सर सांगायचे, ‘मधे मधे दोन-चार शून्ये सोडत जा.’ शून्य-शून्य म्हणजे काहीच न करणारा आदेश. ऊस लावताना पाटाला जागा सोडतात, तशी ती जागा.

तेव्हापासून आपल्या विभागात नियम झाला. पहिले पाच प्रोग्रॅम हाताने, दोन फेऱ्यांत, कागदावर. सहाव्याला मुलांनी वैतागून विचारायचे, ‘सर, हे काम यंत्राला नाही का सांगता येणार?’ हा प्रश्न आला की मगच असेंब्लर उघडायचा. प्रश्न आल्यावर दिलेले साधन मुले समजून घेतात; आधी दिले तर नुसते वापरतात.

पुढे साधनांचा दुष्काळ संपला. १९९६ मध्ये सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी नॅझम हा असेंब्लर सर्वांसाठी खुला केला. तोही ८०८६ च्या घराण्याचा. आपल्याला हवे होते ते २००३ मध्ये आले. श्रीधर रत्नकुमार यांच्या लक्षात आले, की लिनक्सवर ८०८५ साठी धड साधन नाही. त्यांनी स्वतःच लिहिले: जीएनयूसिम-८०८५. असेंब्लर, कप्पे दाखवणारी खिडकी, एकेक पाऊल चालवण्याची सोय, सगळे एकत्र, फुकट आणि उघडे. नंतर ते सांभाळणाऱ्यांत ओंकार शिंदे हे नावही आहे. ज्यासाठी मी फ्लॉपी घेऊन एसटीने हिंडत होतो, ते शेवटी आपल्याच देशातल्या तरुणांनी तयार केले. ‘मिळत नाही’ यावर ‘मग आपणच करू’ हे उत्तर असू शकते, हे मला तेव्हा सुचले नव्हते. एकतीस आदेशांत व्हीलरला जमले होते, आणि भिंतीवर तक्ता तर आपल्याकडेही होता.

आता डीबगही गेला. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये तो नाही. पाहायचा तर डॉसबॉक्ससारख्या सोयीतून जुना काळ उभा करावा लागतो. मोबाइलवरही ८०८५ चालवून बघता येतो. आजच्या मुलांपुढे अडचण उलटी आहे. आम्हाला साधन मिळत नव्हते. त्यांना इतकी मिळतात, की वही उघडण्याची वेळच येत नाही. प्रोग्रॅमच लिहून देणारी यंत्रे आली आहेत. सी००६ मध्ये काय आहे हा प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे.

एक विनंती करून थांबतो. कपाटात एक किट अजून चालू स्थितीत आहे, दोन कळा अडकतात एवढेच. स्नेहमेळाव्याच्या दिवशी ते प्रयोगशाळेतल्या पहिल्या टेबलावर मांडून ठेवणार आहे. शेजारी कागद, पेन आणि तक्त्याची झेरॉक्स असेल. जेवणानंतर सवड काढून या, मुलाबाळांनाही आणा. नऊ बाइट भरा आणि सी०५० उघडून पाहा. कोणाची जुनी जर्नल घरी असतील तर तीही घेऊन या, विभागाला हवी आहेत. आणि वीज गेली तर घाबरू नका. कागदावर लिहिलेले असेल तर पुन्हा भरता येते.